पोरीचं गाणं

मैत्रिणींनो, एक खरं खरं सांगाल? भांडी घासताना, गच्चीवर कपडे वाळत घालताना, आजूबाजूला कुणी नाही असं पाहून तुमच्या तोंडी कोणतं गाणं येतं? चारचौघींत विचारलं तर आपण सगळ्याजणी एखाद्या अभंगाचं नाव सांगतो, फार तर भावगीताचं. पण जीभ काही आपल्याला विचारून गुणगुणत नाही. माझं म्हणाल तर साठी उलटली, सून आली, नातवंडं झाली, तरी कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधल्या वेळात माझ्या तोंडी येतं ते 'आप जैसा कोई'. हो, तेच. 'कुर्बानी'तलं. झीनत अमान चमचमता पोशाख घालून क्लबात ज्यावर नाचली ते!

हसलात ना? हसा. आमच्या घरीही हसतात.

माझ्या नातीला तर वाटतं की ते गाणं तिच्याच पिढीचं. तिची चूक नाही. २०२२ मध्ये 'ॲन ॲक्शन हीरो' नावाचा सिनेमा आला, त्यात ते नव्यानं बांधून घेतलंय आणि मलायका अरोरा त्यावर नाचलीय. २०२५ मध्ये माधवन आणि फातिमा सना शेख यांचा एक सिनेमा आला, त्याचं नावच 'आप जैसा कोई'. म्हणजे मी हातात हिरवा चुडा असताना ऐकलेलं गाणं अजून बाजारात चालतंय! आमच्या वेळचं काय काय गेलं बघा. कोळशाची इस्त्री गेली, वातीचा स्टो गेला, मर्फीचा रेडिओ गेला. हे मात्र राहिलं. का राहिलं, याचा मी माझ्यापुरता बराच विचार केलाय. तोच आज तुमच्यापुढे मांडते आहे. त्यात आमच्या घरातली एक गोष्ट आहे, तीही सांगावी लागेल. ती सांगायला मला बरीच वर्षं लागली.

१९८० च्या मे महिन्यात माझं लग्न झालं आणि मी नागपूरहून साकोलीला आले. तुमच्यापैकी कुणाला साकोली ठाऊक नसेल तर सांगते. नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, भंडाऱ्याच्या पुढे हे तालुक्याचं गाव. एका अंगाला नागझिऱ्याचं जंगल, जवळून चुलबंद नदी, आणि बाकी नजर जाईल तिकडे धानाच्या बांध्या. माझे हे सरकारी कचेरीत कारकून. मामंजी शेती बघायचे, संध्याकाळी भजनाला बसायचे. सासूबाई आतल्या खेड्यातल्या, त्यांची बोली झाडीची. 'ण' म्हणून नाहीच, सगळा 'न'. मी नागपूरची बी.ए. झालेली, पहिलं वर्ष त्यांचं निम्मं बोलणं मला अंदाजानंच कळायचं. आणि एक नणंद, तेरा वर्षांची, दोन वेण्यांची, सारखी माझ्या पाठीमागे.

माहेरी मी गायची. म्हणजे फार काही नाही हो, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये दोन-तीनदा, आणि घरी बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' लागली की त्याच्याबरोबर. सासरी तो विषयच नव्हता. भजन चालायचं, भूपाळी चालायची. सिनेमाचं गाणं सुनेच्या तोंडून निघालं तर मामंजी नुसते खाकरायचे. ते खाकरणं पुरेसं होतं.

जूनमध्ये 'कुर्बानी' आला. फिरोज खान, विनोद खन्ना, झीनत अमान. राखीला माहेरी गेले तेव्हा भावानं नागपुरात नेऊन दाखवला, आणि ही गोष्ट साकोलीत सांगायची नाही असं आमचं दोघांचं ठरलं. ते वर्षही तसं विचित्रच होतं. ३१ जुलैला रफीसाहेब गेले होते, रेडिओवर सारखी त्यांचीच गाणी. 'कुर्बानी'तही त्यांचा आवाज आहे. संगीत कल्याणजी-आनंदजींचं. पण त्या सिनेमातलं हे एकच गाणं त्यांचं नव्हे. ते लंडनहून आलं होतं.

त्याची हकीगत मला नंतर कळली, पण इथेच सांगून टाकते. बिद्दू अप्पय्या नावाचा मूळ बंगळूरचा माणूस तरुणपणी इंग्लंडला गेला आणि तिथल्या नाचाच्या गाण्यांत त्यानं नाव काढलं. १९७४ मध्ये 'कुंग फू फायटिंग' नावाचं एक इंग्रजी गाणं जगभर गाजलं, ते त्यानंच करवून घेतलेलं. फिरोज खानला लंडनमध्ये एका पार्टीत एक शाळकरी मुलगी भेटली. नाझिया हसन. जन्म कराचीचा, ३ एप्रिल १९६५, वाढली थोडी तिथे, थोडी लंडनला. तिचा आवाज त्यानं बिद्दूला ऐकवला, इंदीवरांनी शब्द दिले आणि गाणं लंडनच्या स्टुडिओत झालं. आपल्याकडे मुंबईत तेव्हा गायिका आणि सगळा वाद्यवृंद एका दमात, एकत्र गाणं मुद्रित करायचे. तिकडे एकेक वाद्य वेगळं, आवाज वेगळा, असे थर चढवत गेले. आपण लोणच्याच्या बरणीत मीठ-फोडींचे थर देतो ना, तसे. म्हणून ते गाणं रेडिओवर लागलं की बाकीच्यांपेक्षा निराळं, मोकळं वाटायचं. त्या गाण्यासाठी १९८१ मध्ये तिला 'फिल्मफेअर'चं सर्वोत्कृष्ट गायिकेचं बक्षीस मिळालं. तिचं वय तेव्हा पंधरा!

पण १९८० मध्ये आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. पडद्यावर झीनत दिसत होती, म्हणजे आवाजही तसाच कुणा पोक्त, धीट बाईचा असणार, असं आम्ही समजून चाललो होतो.

त्या दिवाळीनंतर मी पहिली मंडई पाहिली. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, पाहुणेरावळे, आणि रात्री उजाडेपर्यंत नाटक, दंडार. भोंग्यावर दिवसभर सिनेमाची गाणी. आम्ही बायका बांगड्यांच्या दुकानापाशी उभ्या होतो आणि भोंग्यातून ते गाणं सुरू झालं. सासूबाई भाव करता करता थांबल्या.

"कोनाची पोरगी गाऊन रायली वो?" त्यांनी मला विचारलं.

मला हसू आलं. म्हटलं, "आई, पोरगी नाही. मोठी नटी आहे, झीनत अमान."

त्या काही बोलल्या नाहीत. बांगड्या घेतल्या आणि पुढे झाल्या. मला वाटलं, खेड्यातली माणसं, त्यांना काय कळणार. माझी बी.ए.ची पदवी तेव्हा ताजी होती ना!

पुढच्या वर्षी ह्यांना महागाई भत्त्याची थकबाकी मिळाली आणि घरात टू-इन-वन आला. कॅसेट तेव्हा दुकानात भरून मिळायची. आपण गाण्यांची यादी द्यायची, दुकानदार कोऱ्या कॅसेटमध्ये ती गाणी भरून द्यायचा. माझ्या भावानं नागपूरहून एक कॅसेट भरून आणली. एका बाजूला पं. भीमसेन जोशींचे अभंग, ते मामंजींसाठी. वर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली, 'अभंग'. दुसरी बाजू कोरी म्हणून सांगितली. ती कोरी नव्हती.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. मामंजी शेतावर, हे कचेरीत, सासूबाई शेजारी पापड लाटायला गेल्या की मी आणि नणंद ती कॅसेट उलटी घालायचो. रीळ अडकलं की पेन्सिल घालून फिरवायचो. तिला ते गाणं शिकायचंच होतं. मी शिकवलं. चुलीपुढे बसून, भात रटरटत असताना, ओळ ओळ.

आणि शिकवताना मला त्या गाण्याची खरी गंमत कळली. लताबाईंचं एखादं गाणं घरात म्हणून बघा. पहिली ओळ जमते, अंतऱ्याला सूर वर जातो आणि आपला आवाज फाटतो. मग आपण खोकल्याचं निमित्त करतो. आशाबाईंची गाणी खाली असली तरी त्यांच्या त्या नेमक्या जागा, ते लाडिक वळण आपल्याला कुठलं साधायला! या गाण्यात तसलं काही नाही. सूर वर चढत नाही, मुरकी नाही, तान नाही. चाल बुटक्या पायऱ्यांसारखी आहे, म्हातारीनंही चढावी. ठेका म्हणाल तर चारही ठोके सारखे. सम नाही, खाली नाही. आम्ही उखळात पोहे कांडायचो तेव्हा समोरासमोर दोघींच्या मुसळांचा जसा बिनचूक आवाज यायचा, तस्सा. नणंदेनं तर ते मुसळाच्या ठेक्यावरच बसवलं.

दुसरं असं की ही गायिका आर्जव करत नाही. लाडात येत नाही. शब्द जरा परके, लंडनला वाढलेल्या मुलीच्या तोंडचे, आणि सांगण्याची तऱ्हा अशी, की मला अमुक आवडलंय, बस्स. जशी एखादी मुलगी दुकानात बोट दाखवून म्हणते, मला ती निळी रिबीन हवी. आमच्या घरात 'मला हवंय' असं वाक्य बायका बोलतच नसत. 'चालेल', 'असू द्या', 'उरलं तर घेईन', एवढंच. तुमच्याकडे निराळं होतं का?

जग तेव्हा डिस्कोनं वेडं झालं होतं म्हणतात. खरं तर अमेरिकेत, जिथे ते खूळ सुरू झालं, तिथे १९७९ मध्येच लोक त्याला विटले होते. शिकागोच्या एका मैदानात तर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोट करून उडवला. आणि आपल्याकडे तेव्हा कुठे पहाट होत होती! १९८१ मध्ये नाझियाचा 'डिस्को दीवाने', १९८२ च्या शेवटी बप्पी लाहिरींचा 'डिस्को डान्सर'. साकोलीच्या बाजारात डिस्को बांगड्या, डिस्को चप्पल. त्यातलं बरंचसं धुरळ्यासारखं उडून गेलं, आणि गेलं ते बरंच झालं असं माझं मत. ढणढणाट नुसता. हे गाणं त्या लाटेबरोबर आलं खरं, पण त्याची चाल पाहा, ते सावकाश आहे. धावत नाही, धापा टाकत नाही.

असो. १९८२ च्या जानेवारीत नणंदेच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. ती नववीत. देशभक्तीचं गाणं म्हणणार असं तिनं घरी सांगितलं होतं. म्हटलं मात्र हे. मी तिथे नव्हते, मला दिवस गेले होते, चौथा महिना. म्हणे पेटी नाही, तबला नाही, नुसती बाकावर हातानं ठोके देत गायली, आणि मुलांनी पुन्हा म्हणायला लावलं.

पानठेल्यावर ही बातमी तिच्याआधी पोचली. मामंजी घरी आले ते चपला न काढताच. तिच्या गालावर एक बसली. त्यांचा हात तसा कधी उठायचा नाही, म्हणून सगळंच घर दचकलं. आणि मग त्यांनी विचारलं, "हे कोणी शिकवलं?"

मी चुलीपुढे होते. भाताची पेज ओतत होते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, सासूबाईंनी पाहिलं. मी पेज ओतत राहिले.

"रेडिओवर ऐकलं," नणंद म्हणाली.

मैत्रिणींनो, मला कारणं पुष्कळ सांगता येतील. नवी सून, पोटुशी, वय एकवीस. सगळी खरी आहेत. पण तोंड उघडलं नाही ते नाहीच. एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. हेच मामंजी तरुणपणी दंडारीत लुगडं नेसून नाचलेले होते! सासूबाईंनीच मला कधीतरी तोंडाला पदर लावून सांगितलं होतं. पुरुषानं बाई होऊन नाचलेलं चालतं, पोरीनं पोर राहून गायलेलं चालत नाही, हा हिशेब मला अजून लागलेला नाही.

त्या रात्री मी ती कॅसेट कापडात गुंडाळून तांदळाच्या कोठीत कोपरभर खोल खुपसली. वर चिठ्ठी अभंगांची होती, लपवायची गरजही नव्हती. पण चोराच्या मनात चांदणं! नंतर घरात गाणं असं उरलंच नाही. रेडिओ फळीवर गेला, तो बातम्यांपुरता. मीही गुणगुणणं सोडलं. मे महिन्यात बाळंतपणाला नागपूरला गेले, मुलगा झाला, ऑगस्टमध्ये परत आले. एक दिवस घरात कुणी नाही असं पाहून कोठीत हात घातला. कॅसेट नव्हती. कोपरापर्यंत तांदूळ उपसले, नाहीच. मामंजींच्या हाती लागली आणि त्यांनी चुलबंदीत भिरकावली, असं मी ठरवून टाकलं. विचारणार कुणाला?

नणंद १९८३ मध्ये दहावी झाली. पुढे शिकवलं नाही. १९८५ मध्ये लग्न करून तिरोड्याला दिली. गाण्यामुळे तिचं शिक्षण थांबलं असं मी म्हणणार नाही, तेव्हा आमच्याकडे बहुतेक मुलींचं तसंच थांबायचं. पण पाठवणीच्या वेळी ती माझ्या गळ्यात पडली तेव्हा मला ती चुलीपुढची रात्र आठवली. बोलायचं होतं, नाही बोलले. गाडी सुटायची वेळ झाली होती.

वर्षं गेली. २००० च्या ऑगस्टमध्ये दुपारी मी पेपर वाचत बसले होते आणि सासूबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांना दिसायला कमी झालं होतं, तरी बोटांना खडा बरोबर लागायचा. पेपरात बातमी होती. नाझिया हसन १३ ऑगस्टला लंडनमध्ये गेली. फुप्फुसाचा कॅन्सर. वय पस्तीस. तिनं मध्येच गाणं सोडलं होतं, कायदा शिकली, संयुक्त राष्ट्रांत काम केलं, १९९५ मध्ये लग्न झालं, एक मुलगा. मी बातमी मोठ्यानं वाचली, कारण सासूबाईंना मी रोजच पेपर वाचून दाखवायची. आणि वाचता वाचता हिशेब केला. पस्तिसातून वीस गेले. म्हणजे ते गाणं म्हटलं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती! माझ्या नणंदेपेक्षा दोनच वर्षांनी मोठी.

"पंधरा!" मी म्हटलं.

सासूबाईंनी सूप हलवलं. "पोरगीच होती. आवाजावरून समजे ना."

मी चमकले. त्यांना मंडईतलं वीस वर्षांपूर्वीचं आठवत होतं. गावात बाकी सगळ्यांनी ते गाणं डोळ्यांनी ऐकलं होतं, पडद्यावरच्या बाईला बघून. सिनेमा कधीही न पाहिलेल्या या एकट्या बाईनं ते कानांनी ऐकलं होतं. पण पुढे काही विचारीन तोवर त्या सूप घेऊन आत गेल्या.

२००३ मध्ये त्या गेल्या. तेरवी झाल्यावर नणंद आणि मी त्यांची ट्रंक उघडली. दोन लुगडी, चांदीचे वाळे, माझ्या मुलाचं टोपडं, आणि तळाशी एका फडक्यात ती कॅसेट. चिठ्ठीवरची शाई पुसट झालेली, 'अभंग'.

"आईंनी अभंगांसाठी ठेवली असेल," मी म्हटलं.

नणंदेनं माझ्याकडे बघितलं आणि ती हसायला लागली. तेराव्या दिवशीच्या घरात, डोळ्यांत पाणी असताना, हसतच सुटली. मग तिनं सांगितलं. मी नागपूरला बाळंतपणाला गेले होते त्या उन्हाळ्यात, दुपारी पुरुषमाणसं बाहेर गेली की सासूबाई दार लोटून घ्यायच्या. कोठीत हात घालून कॅसेट काढायच्या, पदरानं पुसायच्या आणि म्हणायच्या, "ते पोरीचं गानं लाव." रोज तांदूळ मोजून काढणारी बाई ती, तिच्या कोठीत काय आहे हे तिला पहिल्याच सकाळी कळलं असणार. गाण्यातली हिंदी त्यांना धड समजायची नाही. पाय पसरून, भिंतीला टेकून ऐकायच्या. गाणं संपलं की एकच विचारायच्या.

"हिले कोनी मारत नसन ना वो?"

मी ट्रंकेशी बसून होते. मग म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. म्हटलं, "त्या रात्री बाबांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसले. माझं नाव मी सांगायला हवं होतं."

"त्या रात्रीचं काय हो वहिनी," ती म्हणाली. "तुम्हाला दिवस गेलेले. मी मुद्दामच तुमचं नाव नाही घेतलं. त्याचं मला काही वाटलं नाही." लुगड्याची घडी घालता घालता ती थांबली. "पण दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मला गाणंच शिकवलं नाही. ते लागलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. एकवीस वर्षं मी एका गुन्ह्याचं ओझं वाहिलं, आणि तो भलताच निघाला. खरा होता त्याच्याकडे मी पाहिलंही नव्हतं. मला काही उत्तर सुचलं नाही. आम्ही दोघींनी मिळून लुगडी वाटून घेतली. कॅसेट तिला दिली. टू-इन-वन केव्हाच मोडीत गेला होता, तिच्याकडेही ती वाजवायला काही नव्हतं, तरी तिनं नेली.

एकाच घरात तीन बायका, तिघींना एकच गाणं आवडतं, आणि तिघी एकमेकींपासून लपवून ऐकतात, आहे की नाही कमाल! लपवाछपवीत असं मुरलेलं गाणं सहजासहजी उतरत नाही. नुसतं नाचाचं असतं तर पुढच्या नाचानं ते पुसलं असतं. नाच पाहायचा तर त्याच सिनेमातलं 'लैला' काय कमी आहे? तेही २०१७ मध्ये 'रईस'साठी पुन्हा बांधलं गेलंच. पण ते गुणगुणणारी बाई मला अजून भेटायची आहे. ते बघायचं गाणं. हे आपल्या आवाजात मावणारं.

२०२४ च्या फेब्रुवारीत साकोलीलाच आमच्याकडे लग्न होतं. त्याच आठवड्यात अमीन सयानी गेले, म्हणून तारीख लक्षात आहे. लॉनवर डीजे. जेवणं आटोपल्यावर मुलींनी फर्माईश केली आणि नवीन 'आप जैसा कोई' लागलं, जमिनीतून धडधड येणारं. माझी नात आणि तिच्या मैत्रिणी नाचायला लागल्या. छान नाचतात हो, मला आवडतं. नणंद माझ्या शेजारच्या खुर्चीवर होती, गुडघ्याला पट्टा बांधलेली. ती उठली, काठी टेकत त्या डीजेवाल्या पोराजवळ गेली आणि त्याच्या कानाशी काहीतरी बोलली. त्याला आधी कळेना. मग त्यानं फोनमध्ये शोधलं.

जुनं लागलं. धडधड थांबली आणि तो सावकाश, सारखा ठेका सुरू झाला. मुली जरा गोंधळल्या, पाय अडखळले. नणंद परत येऊन बसली, माझं मनगट धरलं, माझ्या तळहातावर बोटांनी ठोके द्यायला लागली आणि गाऊ लागली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. आवाज आता जाड झालाय, पण एक शब्द चुकला नाही. दोन खुर्च्यांपलीकडे बसलेली तिची सून वळून बघायला लागली. विहीणबाई बघायला लागल्या.

माझी नात नाचता नाचता धावत आली. "अगं आत्याआजी, तुला अख्खं येतं? तुला कोणी शिकवलं?"

नणंदेनं माझ्याकडे पाहिलं. ती काहीच बोलली नाही.

"मी," मी म्हटलं. डीजेचा आवाज मोठा होता, म्हणून पुन्हा एकदा, मोठ्यानं म्हटलं.